विनाकारण चावणारं कुत्रं

बाबा, आज मी दोन कुत्रे घेऊन सावरगावहून पूल ओलांडला आणि पांढुर्ण्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. या वयात, भर बाजारातून, दोन्ही हातांत दोर. तुम्ही पाहिलं असतं तर चष्मा काढून पुसला असता फक्त.

गल्लीतलेच कुत्रे आहेत. काळी म्हातारी झाली आहे, तांबडा तिचाच पोरगा. तो समोरच्यांच्या सहा वर्षांच्या नातीला चावला. मुलीला सुया सुरू झाल्या. आता त्या दंडात देतात. त्याच संध्याकाळी गल्ली जमली आणि दोघांनाही पोत्यात घालून जंगलात सोडायचं ठरलं. मी म्हटलं, दहा दिवस तांबडा माझ्या अंगणात बांधलेला राहील. धड राहिला तर अकराव्या दिवशी दोघांना सुई देऊन, कागद घेऊन येईन. तोवर कोणी पोतं काढायचं नाही. जन्मभर मुलांना गणित शिकवलं, माझ्यासमोर माणसं अजूनही लवकर गप्प होतात. रोज सकाळी कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढत गेले. ही रीत तुमची.

आठवतं? मी नववीत आहे. फाल्गुन संपत आला आहे, संत्र्याची झाडं फुलांनी भरली आहेत. बागेतला राखणीचा कुत्रा माझ्या मनगटाला चावतो आणि तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेता. चौदा सुया, पोटात. गडी म्हणतात, "मालक, पिसाळलं हे. काठीनं संपवून टाका." तुम्ही म्हणता, "दहा दिवस बांधून पाहू. पिसाळलं असन तं दिसनच." बागेतल्या खोपडीच्या भिंतीवर तुम्ही कोळशाची पहिली रेघ ओढता. रोज त्याला भाकर तुम्हीच टाकता आणि रोज संध्याकाळी मला विचारता, "तू काही केलं तं नाही ना त्याले? सांग. मी रागावत नाही." मी म्हणते, नाही. मग तुम्ही गड्यांकडे वळून सांगता, "माही पोरगी खोटं बोलत नाही."

अकराव्या दिवशी तो शेपटी हलवत उभा होता. तुम्ही बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "मंग विनाकारण चावला हा. विनाकारण चावणारं कुत्रं घराजवळ ठेवत नसतात." बैलगाडीत बसवून तुम्ही त्याला बोरगावला, तुमच्या मावसभावाच्या शेतावर सोडून आलात. गाडीत तो खुशीत बसला होता. फिरायला निघालो असं त्याला वाटलं असावं.

आज सकाळी ऊन असं होतं की काळी दर खांबाच्या सावलीत बसकण मारत होती. पुलावर पोचले तर वारा फिरला. पलीकडच्या बाजारात शिरेपर्यंत आभाळ काळं झालं आणि गारा सुरू झाल्या. एका चहावाल्याच्या टिनाखाली आम्ही तिघं घुसलो.

"मॅडम, कुत्र्याइले घेऊन कुठं चालल्या?"

"दवाखान्यात."

"हा तांबडा चावते काय?"

"कारण असलं तर चावतो."

"आयकलं का बे?" तो बाकावरच्या गिऱ्हाइकांना म्हणाला, "कोणी कारण देऊ नका बापा!" आणि बाक चांगला हातभर मागे सरकला.

टिनावर गारांचा असा ताशा वाजू लागला की तांबड्याने एकदम हिसका दिला. तळहात सोलला. तो आज सुटला असता तर गल्लीने म्हटलं असतं, पाहा, पिसाळलाच होता. मी दोर मनगटाला दोनदा गुंडाळला आणि पातळासकट ओल्या जमिनीवर बसले. दोर नेमका त्या जुन्या वणावर आला. बराच वेळ ओढाताण झाली. मग त्याने माझ्या पदराखाली डोकं घातलं आणि थरथरत राहिला. चहावाल्याने न विचारता पोतं आणून माझ्या खांद्यावर टाकलं. गल्ली काढणार होती तसलंच पोतं, पण हे कामाला आलं.

सुया झाल्या, कागदावर शिक्का झाला. परत येताना पुन्हा लख्ख ऊन. पुलाखाली पाणी गढूळ, आणि वाऱ्यावर बागांचा वास. किती फूल झडलं कोण जाणे.

गल्ली वाटच पाहत होती. मुलीच्या आजोबांनी कागद उलटसुलट वाचला. "कागद तं ठीक आहे मॅडम. पण विनाकारण चावणाऱ्याचा का भरोसा?"

बाबा, तुमचंच वाक्य. मी ओट्यावर बसले, पदर वर करून मनगट दाखवलं आणि सांगितलं. त्या दिवशी कुत्रा भाकर खात होता. मी गंमत म्हणून ती त्याच्या तोंडातून ओढली, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तो चावला. घरी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, आणि त्याचं घर गेलं.

मग आईच्या मागून ती पोर म्हणाली, "आजी, मी त्याची पोळी घेतली होती. त्याच्या पिल्लूले द्याले." आईने हात उगारला. "हात खाली," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, आणि तो खाली गेला. पिल्लू नव्हतंच कुठे, काळी अंगाने लहान म्हणून तिलाच ती त्याचं पिल्लू समजते. आजोबांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "राहू द्या मंग," म्हणाले.

तांबडा आता दारात झोपला आहे, मोकळा. भिंतीवरच्या रेघा उद्या पुसेन. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र त्याच्या कागदाखाली डब्यात ठेवते आहे, तुम्ही नाही तर दुसरीकडे कुठे पाठवणार?

एक राहिलं. तुम्ही रागावला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला फक्त संध्याकाळी तुम्ही गड्यांकडे वळून माझ्याबद्दल जे म्हणायचात, ते आणखी एकदा ऐकायचं होतं.