उपासाच्या दिवशीची गोळी

प्रिय प्रल्हाद,

दर पत्रात तुझ्या नावाआधी सवयीने ‘चि.’ लिहिते. आज पेन तिथेच अडलं. चिरंजीव शब्दाचा अर्थ तीस वर्षं वर्गात सांगितला, पण त्याच्याकडे घाबरून बघायची वेळ कधी आली नव्हती. तेव्हा आज नुसतंच प्रिय. ‘ताई, पत्रं कोण लिहितं आता, संग्रहालयात जा’ असं तू म्हणणारच आहेस. म्हण. तुझी लेक उद्या सांगलीला येतेय, तिच्या हाती देतेय. ज्ञानदा नोकरीसाठी माझ्याकडे राहते, माझ्या हातचं खाते, तेवढं टपाल तिने वाहायला हरकत नाही.

आधी एक खोटं निस्तरते. मागच्या संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी ‘ताईचं बीपी जरा उतरलं’ असं तुला कळवलं होतं. बीपीचा काही संबंध नव्हता. त्या सोमवारी माणिकपूरच्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गात संस्कृतचा ‘नदी’ शब्द चालवत होते. षष्ठीपर्यंत आले आणि घामाने पदर भिजला, श्वास पुरेना. छातीत दुखत नव्हतं, म्हणून सप्तमी उरकूनच बसावं असा माझा बेत. शेजारच्या वर्गात गणित शिकवणारी जेनिफर दारात आली आणि म्हणाली, “मीराबाई, तुमचा चेहरा खडूसारखा झालाय. उठा. नदी उद्या वाहील.” तिनेच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या माझ्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी धरू लागली होती. वेळेत सापडली. तीन दिवस तिथे होते. ज्ञानदाला मीच शपथ घातली होती, तिला बोलू नकोस.

आमचे डॉक्टर आलोशियस वसईचेच, तरुण, आवाज इतका हळू की बातमी वाईट आहे की बरी ते कळत नाही. त्यांनी रक्ताची एक तपासणी केली. ऍस्पिरिन घेतल्यावर गुठळी धरणाऱ्या पेशी जितक्या शांत व्हायला हव्यात, तितक्या माझ्या होत नव्हत्या. “टीचर, गोळी कधी चुकते का?” मी म्हटलं, “एक दिवससुद्धा नाही.” अगदी खणखणीत. त्यांना वाटलं, साखरवाल्यांच्या बाबतीत ही गोळी कधीकधी कमी पडते, तसंच असणार. त्यांनी आणखी एक जोरदार औषध लिहिलं आणि पोटातून रक्त जाऊ शकतं, लक्ष ठेवा, असं बजावलं.

आणि मी खोटं बोलत नव्हते रे. खरंच नव्हते. माझ्या हिशेबी उपासाचा दिवस गोळीच्या दिवसांत धरायचाच नव्हता. उपाशीपोटी साखरेची गोळी घेतली की चक्कर येते, हे ठाऊक. ऍस्पिरिनही खाल्ल्यावर घ्या, असं औषधवाल्याने सांगितलेलं. आणि संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत काही खायचं नाही, हा आईचा नियम. तिन्ही वाक्यं समोर ठेवून मी शास्त्रार्थ केला आणि निष्कर्ष काढला: त्या दिवशी गोळ्यांचा अख्खा कप्पा बंद. संकष्टी, दोन एकादश्या, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. इतकं शिकून माणूस किती व्यवस्थित चुकू शकतो बघ.

हे उघडकीला आणलं जेनिफरने. माझी सात कप्प्यांची डबी घरून घेऊन आली, रविवारचा, म्हणजे संकष्टीचा, कप्पा उघडला आणि डॉक्टरांसमोरच विचारलं, “ही गोळी इथे काय करते?” मी उपासाचं सांगितलं. “आमच्या उपवासकाळात आजाऱ्याला माफ असतं, फादर स्वतः सांगतात. तुमचा देव आमच्या फादरपेक्षा कडक आहे काय?” मला हसूही आलं आणि पलंगाखाली लपावंसंही वाटलं.

डॉक्टर रागावले नाहीत, त्याने जास्त भीती वाटली. त्यांनी ते जोरदार औषध थांबवलं आणि समजावलं. ही गोळी त्या पेशींना त्यांच्या उभ्या आयुष्यासाठी लुळं करते. पण आपल्यासारख्या साखरवाल्यांच्या रक्तात नव्या पेशी भराभर येतात आणि नव्यांना कालची गोळी माहीतच नसते. दुसऱ्या कुणाला एक दिवस चुकलेला कदाचित निभेल. आपला आधीच पातळ झालेला आधार तेवढ्यात संपतो. मग पंधरा दिवस एकही न चुकवता घेऊन पुन्हा तपासलं. खूप सुधारणा. तरी सकाळच्या गोळीच्या आधीच्या तासांत जोर उतरलेलाच. आता तीच मात्रा सकाळ-संध्याकाळ विभागून दिलीय. हे सगळ्यांनी करायचं नसतं, तज्ज्ञांचंही यावर एकमत नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. तेव्हा माझं बघून तू परस्पर काही बदलू नकोस. मी मात्र पहाटे जाग आली की पडल्या पडल्या नाडी मोजते. चुकली वाटली की पुन्हा पहिल्यापासून.

काल डॉक्टरांनी सहज विचारलं, “घरात आणखी कुणाला?” म्हटलं, धाकटा भाऊ, साखर आहे, गेल्या वर्षी स्टेंट बसला, हीच गोळी घेतो. आणि बोलता बोलता हिशेब लागला. तुझा स्टेंट बसल्यावर ‘आईची संकष्टी आता आपण दोघांनी चालवू’ अशी तुला कुणी गळ घातली? मी. उपासाला डबीचा तो कप्पा उघडायचा नाही, हे कुणी शिकवलं? मी. तू तर नास्तिक, केवळ माझ्यासाठी करतोस. मागच्या संकष्टीला चंद्रोदयाला फोनवर तू म्हणालास, “ताई, दोन उपास झाले, संध्याकाळी जबडा आखडतो आणि डावा हात जड होतो.” मी तुला कोकम सरबत घ्यायला सांगितलं. तुझं हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. काल लगेच तुला फोन केला, तर तू हसलास, ‘अंगारकी होऊ दे, मग बघू’ म्हणालास. अंगारकी मंगळवारी आहे, प्रल्हाद. तोवर थांबायचं नाही. ज्ञानदाला सगळं सांगितलंय, ती पाय धुवायच्या आधी तुला तुझ्या डॉक्टरांकडे नेईल. त्याआधी जबडा पुन्हा आखडला तर तिचीही वाट बघू नकोस, तडक दवाखाना गाठ. उपासाला गोळी चुकवत होतो, हे तिथे स्वतःच्या तोंडाने सांग, नाहीतर माझ्या डॉक्टरांसारखे तेही तुझ्यावर विश्वास ठेवतील. हे व्रत मी तुझ्या गळ्यात घातलं, मीच काढून घेतेय. मंगळवारी सकाळी पोटभर खा. आयुष्यभर तुझ्या चुका लाल शाईने दाखवल्या, ही माझी आहे, आणि तिची किंमत तू मोजू नयेस एवढंच मागते. जा रे.

तुझीच, फोनपाशी बसून राहिलेली,
मीराताई