डब्यातला आवाज

प्रिय हळूबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज चढला असता. कागदावर निदान खोडता येतं.

काकांच्या डब्याचा नवा बिल्ड तयार आहे. आजारपणात तुझ्या बाबांची वाचा गेली आणि आपण दोघांनी तो बटणांचा, बोलणारा डबा केला, तेव्हा वाटलं होतं की एकदा केला की सुटलो. पण आतली चिप जुनीपुराणी. नवा शब्द हवा असेल तर तो प्रोग्रॅममध्ये घालून सगळं पुन्हा बांधायचं, आणि ते बांधलं जायचं फक्त माझ्या लॅपटॉपवर. तुझ्याकडे तोच कोड, तोच कंपायलर, तरी डबा मुका. कंपायलरला द्यायच्या खास सूचना, ते फ्लॅग, मी चिडून सुचतील तसे माझ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये कोंबले होते; त्यातला नेमका कुठला लागू पडला हे मलाच ठाऊक नव्हतं. तू म्हणायचीस, एकेक काढून बघ आणि फाइलमध्ये लिहून ठेव. मी म्हणायचो, चालतंय ना, मग बाईसाहेबांचं काय दुखतंय?

कॉलेजात हा डबा प्रोजेक्ट म्हणून दाखवला तेव्हा विभागप्रमुखांनी तेच विचारलं होतं. प्रोजेक्ट तुझ्याशिवाय कुणाला बांधता येत नसेल, तर मार्क प्रोजेक्टला देऊ की तुझ्या लॅपटॉपला? मी दार आपटून निघालो तो कॉलेजातूनच निघालो. तू मागे आली नाहीस म्हणून तुझ्यावर कितीतरी दिवस धुमसत होतो. मागे येऊन तू करणार काय होतीस, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही. आता इथे कंपनीत खिडकीशेजारच्या टेबलाशी बसून दिवसभर दुसऱ्यांच्या बिल्डचा गुंता सोडवतो. परवा मी कुणालातरी म्हणालो, माझ्या मशीनवर तर चालतंय. आमच्या मॅडम म्हणाल्या, मग गिऱ्हाइकाकडे तुलाच पाठवते, मशीन मांडीवर घेऊन बस. सगळे हसले. मीही हसलो, पण मला तू आठवलीस.

तू बोलणं टाकल्यापासून शब्द काकू कळवतात. पंखा कमी करा. चष्मा कुठाय. मला नको, तुम्ही खा. त्या वाक्यांवरून तुमच्या घरातलं थोडंफार कळायचं. तो स्वस्तातला स्पीकर तुझा आवाज पोचवेना, म्हणून माझा चढा आवाज भरला होता ना? काकू म्हणतात, हे नुसता चहा मागतात, पण वाटतं तूच दारात भांडायला आलायस.

या वेळी मात्र नाकी नऊ आले. बिल्ड टूलची नवी आवृत्ती आली आहे. ती लॅपटॉपच्या सेटिंगमधले माझे फ्लॅग गुपचूप गाळून टाकते आणि वर हिरव्या अक्षरांत ‘यशस्वी’ म्हणून मिरवते. माझ्याकडचा चाचणीचा डबा मुकाच. टूल बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला, कीबोर्डवर मूठ आपटून झाली. मग तुझ्यासारखा बसलो. सगळे फ्लॅग प्रोजेक्टच्या फाइलमध्ये हलवले. मग एक काढायचा, बांधायचं, डब्यात भरायचं, ऐकायचं. पुन्हा दुसरा. शेवटी दोनच लागतात असं निघालं. बाकीचा सगळा माझा संताप होता. ते दोन आता प्रोजेक्टच्या फाइलमध्ये लिहिलेत आणि शेजारच्याच्या कोऱ्या मशीनवर बांधूनही पाहिलंय. तुझ्याकडेही बांधलं जाईल.

काकूंचा फोन आला तेव्हा आधी त्या बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या. मग हळूच म्हणाल्या, बाळा, एक वाक्य हवंय रे, यांनी स्वतः लिहून दाखवलंय: ‘या जावईबापू, बसा.’ रविवारी तो पहिल्यांदा जेवायला येतोय म्हणे. रेकॉर्ड करायला बसलो. पहिल्यांदाचं ऐकून माणूस उंबऱ्यावरूनच पळाला असता. नंतरचं रडकं झालं. पण काकांना ते मनापासून म्हणायचंय, त्यांच्या तोंडी मी माझं दुखणं कसं घालू? पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. बाकीचे शब्द सवडीने दुसऱ्या कुणाच्या आवाजात भर, आता काकूंना मला फोन करावा लागणार नाही. हे एक वाक्य मात्र राहू दे. शेवटच्या वेळी मी ते खरंच म्हणालोय.

तुझाच, हे आता नुसतं लिहिण्यापुरतं,
तडतड्या