मैदानावरचा हिरवा रंग

९ फेब्रुवारी, सोमवार

ती. दादास,

नमस्कार. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण कुरकुर ऐकायची सवय मला कारखान्यात तुझ्या हाताखालीच लागली. वहिनीची कंबर कशी आहे? सहा वर्षांत तुझं पत्र नाही, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. न वाचता बाजूला ठेवू नकोस.

आपल्या कारखान्याच्या जागेचं एकदाचं ठरतंय. नगरपालिकेने एक बाई नेमल्या आहेत. आम्ही त्यांना नकाशावाल्या बाई म्हणतो. जमिनीत मुलाम्याच्या टाक्यांमधलं क्रोमचं विष कुठे मुरलंय ते आधी शोधायचं, मग बाग कुठे, वाचनालय कुठे ते ठरवायचं. कारखान्याचे जुने कागद कुठे गेले, देव जाणे. म्हणून त्यांनी शनिवारी आम्हा जुन्या कामगारांना पॅकिंगच्या खोलीत बोलावलं, टेबलभर नकाशा पसरला आणि हातात रंगीत पेन्सिली दिल्या. जिथे घाण सांडायची तिथे लाल, जिथे काही नव्हतं तिथे हिरवा. लाल जागेची माती तपासणार, हिरवी सोडून देणार.

काय मजा आली म्हणून सांगू! पॉलिशवाला आणि वेल्डर अजून तसेच भांडतात. "अरे, तिथे कुठली टाकी? तिथे तर तू डबा खाऊन घोरायचास!" मग कुणाचं तरी बोट मैदानावर गेलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. पाच वाजताचा भोंगा, पॅकिंगच्या दोरीचं व्हॉलीबॉलचं नेट, तुझी सर्व्हिस. मी स्टुलावर उभी, गळ्यात शिट्टी. तेव्हापासून तू मला नावाने हाक मारलीच नाहीस. फायनलला तुझा शेवटचा बॉल मी आउट दिला आणि तू दोन दिवस अबोला धरलास, तेही निघालं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. पॉलिशवाल्याने हिरवी पेन्सिल माझ्या हातात दिली. मैदान रंगवायचा मान म्हणे अंपायरचा.

मी रंगवलं.

"मग लहान मुलांचे झोपाळे इथेच," नकाशावाल्या बाई म्हणाल्या. "इथे तपासायची गरज नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

घरी आले आणि वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. त्या मैदानावर कधी गवताचं पातं उगवलं नाही, खेळायला बरं म्हणून आपण किती खूश असायचो! पावसानंतर डबकी पिवळी दिसायची, पांढऱ्या बुटांचे तळवे पिवळे व्हायचे. बाकीच्यांना वाटायचं, मातीच तशी. टाक्यांचा गाळ मैदानाखालच्या खड्ड्यात टाकून वर चुना आणि मुरूम पसरला, हे फक्त तुला आणि मला माहीत. वरून हुकूम आला, तू फोरमन, तू पाळलास. पण तू तिथे कुंपण घालून धोक्याची पाटी लावणार होतास. "पाटी कशाला? नेट बांधू या," असं मी म्हटलं होतं. पोरांना खेळायला जागा हवी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कारखाना बंद झाल्यावर तू म्हणालास, आता सांगून टाकू. "आपल्याच हाताने तोंडाला काळं फासून घ्यायचंय का?" म्हणून मीच तुझ्यावर ओरडले. त्यानंतर तू मुलाकडे राहायला गेलास तो गेलासच.

आज सकाळी मी तिथे गेले. खोडरबर मागितलं. हिरवा रंग नीट पुसला जाईना, म्हणून त्याच्यावरूनच लाल ओढला. बाईंनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"मैदान करायची कल्पना माझी," मी म्हणाले.

पॉलिशवाला शेजारीच होता. खाली मान घालून स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. दादा, ते मला सहन झालं नाही.

खड्डा किती खोल, कडा कुठे, ते मला सांगता येईना. ते तुलाच ठाऊक. पुढच्या सोमवारी माती काढायला सुरुवात होणार आहे. तू ये. तुझ्यावर काही येणार नाही असं मी म्हणत नाही. येईलही. पण मी शेजारी उभी राहीन.

आणि हो, तो बॉल आत होता. रेषेवरचा चुना उडालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पण समोरचे सारखे हरत होते, आणि मला वाटलं, दादा काय, समजून घेईल.

वाट पाहतेय,
तुझी शिट्टी