आमच्या घरचं भाषा-धोरण

३ मार्च
ठरलं. आजपासून घरात फक्त मँडरिन. सिंगापूरमधल्या चिनी घरांनी पोरांशी कोणत्या भाषेत बोलावं यावर मी पेपर लिहायचे, आणि माझ्याच घरात आई तिओच्यू ही आमची जुनी चिनी बोली बोलणार, बायको सिओक-हुई इंग्रजी, आणि चौथीतली मुलगी रुइ-एन दोन्हींची खिचडी. शोभत नाही. आता माझं घर हेच माझ्या रिसर्चचं मॉडेल. जेवणाच्या टेबलाखाली रेकॉर्डर चिकटवला, सगळ्यांची रीतसर परवानगी घेऊन. सिओक-हुईने नाक मुरडलं. तेही इंग्रजीतच मुरडलं असावं.

४ मार्च
लहानांनी थोरांना हाक मारून जेवायला सांगायचं, थोरांनी घास घेतला की मगच चॉपस्टिक उचलायच्या, ही आमची रीत. रुइ-एनला बजावलं, आजीला तिओच्यूतलं 'आ मा' नको, मँडरिनमधलं 'नायनाय' म्हण. तिने म्हटलं. आई ढिम्म. म्हणाली, ही नायनाय कोण बाई? टीव्हीवरच्या मँडरिन मालिकेतली असेल, तिला वाढा. आई जेवेना म्हणून कुणालाच जेवता येईना. वाफवलेला मासा गारढोण. सुरुवातीला विरोध व्हायचाच. तसं मीच एका पेपरात लिहिलंय.

७ मार्च
आईला मँडरिन शिकवायला बसलो. तिने लसूण सोलायला दिला. लसूण झाला. धडा उद्या.

११ मार्च
सिओक-हुई म्हणते, मँडरिनमध्ये तुझ्याशी धड भांडताही येत नाही. मी म्हटलं, हाच तर फायदा. त्यावर ती उठून भांडी जोरजोरात घासायला लागली. पटलं असणार.

१५ मार्च
घवघवीत यश. टेबलावर इंग्रजी नाही, तिओच्यू नाही. रुइ-एन थोरांना जेवायला सांगते आणि खाली मान घालून जेवते. शाळेचं विचारलं की नुसती मान हलवते. काय शिस्त. डीनना कळवलं. म्हणाले, परिषदेत मांडा.

१९ मार्च
साहाय्यक मिस को रेकॉर्डिंग लिहून घेऊन आली. मी घरी नसताना टेबलावर नुसता दंगा. रुइ-एन आजीला तिओच्यूत शाळेतल्या शर्यतीचं सांगतेय, मध्येच माझी नक्कल करतेय, आई हसून हसून खोकतेय. सिओक-हुईसुद्धा तिओच्यू बोलतेय. ती कधी शिकली? मग दार वाजतं. कुणीतरी म्हणतं, आला. पुढे नुसते चमचे. मिस कोने विचारलं, सर, या नुसत्या चमच्यांच्या भागापुढे कोणती भाषा लिहू? वाईट वाटलं. खूप.

२० मार्च
धोरण रद्द. कुणी ते पाळतच नव्हतं हा तपशील सोडला, तर निर्णय धाडसी आहे. रुइ-एनला तिओच्यूतच विचारलं, शर्यतीचं काय झालं ग? म्हणाली, ते आजीला सांगून झालंय. आईने मग सगळं सांगितलं, भरभर. माझी तिओच्यू इतक्या वर्षांत गंजलेली, मला अर्धंमुर्धं कळलं. लाजेकाजेस्तव हसलो. आई म्हणाली, अरे, हसतोस काय?

२१ मार्च
मिस कोला गाठून विचारलं, माझ्या मुलीच्या शर्यतीत शेवटी काय झालं? म्हणाली, पडली, सर. तशीच उठून धावली, शेवटून दुसरी आली. गुडघ्याला चांगली मोठी पट्टी आहे म्हणे, तुम्ही बघितली नाहीत?
म्हटलं, मी ध्वनीवर काम करतो.