तुमच्या ट्रम्पेटचा सौदा

अहो,

आपला लेक शिडीवरून पडला. पाय प्लास्टरमध्ये, रंगकाम बंद, भाडं थकलं. म्हणून तुम्ही गेल्यापासून कपाटावर पडलेलं तुमचं ट्रम्पेट विकायला काढलं. रागावू नका! गिऱ्हाइकाला नुसतं फुंकून दाखव म्हटलं नातीला, तर ती गाल फुगवून अगदी तुमच्यासारखी वाजवायला लागली की हो! कधी शिकली कुणास ठाऊक. मला इतका आनंद झाला, की गिऱ्हाईक पळावं म्हणून मी दुप्पट किंमत सांगितली. तर मेला लगेच म्हणाला, "चालेल, उद्या नेतो." आता देऊ की नको? नातीला विचारलं, तर म्हणते, "आजी, बाबांचा पाय आधी." पण तेव्हापासून ती फुंकायची थांबत नाही, आणि माझ्याच्याने तिला थांबववतही नाही.

तुमची,
डोक्याला हात लावून बसलेली