अंगणातली विहीर

आई, बबीन्याहून तुझ्या सावित्रीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. बकुळ रांगायला लागली.

हे हापिसातल्या जुन्या नकाशावर छावणीसाठी उठवलेली गावं शोधतात. त्यात आमच्या अंगणातच एक विहीर दाखवलेली निघाली; वरून नुसती माती दिसते, नेमकी कुठं ते कळत नाही. दूधवाली त्याच गावची. म्हणाली, "हमें निकाला, तो हमने कुएँ पर लकड़ी डालके ऊपर मिट्टी पाट दी. अब तो लकड़ी सड़ गई होगी, बहूजी." आणि हसली.

यांना म्हटलं, क्वार्टर बदलून मागा. हे दोस्तांसमोर म्हणाले, "आधी बकुळला विहीर सापडू दे की!" सगळे खिदळले.

मी पोरीचा पाय खाटेला बांधून ठेवते. फार रडते गं.

बाबांचा खोकला कसा आहे? दादाला धाड, बकुळला घेऊन जाऊ दे. मला हे सोडायचे नाहीत.

तुझीच,
सावित्री