मोठी शिट्टी कोणी धुवायची

१ फेब्रु., मंगळ.
शाळेच्या मैदानावर कबड्डीचे दोन सामने. मोठी शिट्टी आज माझ्याकडे यायची होती, माझ्या जोडीचे पंच अप्पा, त्यांनी आणून दिली. पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली, नेहमीसारखी. पण फडकं ओलं अन् शिट्टी कोमट. तोंडाला लावली तर आवाज जड. आतली बुचाची गोळी फुगलेली, फिरतच नाही. म्हणलं, अप्पा, उकळली की काय?
"धूळ लई हाय मास्तर. घाण बसती."
चौदा वर्षांमागं पहिल्या सामन्याला ह्याच माणसानं मला शिकवलं होतं. खेळ संपला की झटकायची, थुंकी काढायची, कोमट पाण्यात एक बुडी, मलमलीनं पुसून सावलीत पालथी ठेवायची. पितळेला बाहेरून चिंच चालेल, आत जाऊ द्यायची नाही. अन् काही झालं तरी उकळायची नाही, बूच मरतं. हे सांगणारा आता स्वतःच उकळून राहिला. विसरणारा माणूस नाही तो.

४ फेब्रु., शुक्र.
नळाला आज सहाव्या दिवशी पाणी. तेही गढूळ. मैदानावर मारायला थेंब नाही, पोरींचे गुडघे सोलून निघतात. हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, प्यायला नाही अन् तुम्ही मातीला पाजता का. बरोबरच आहे.
स्पर्धेचं पत्र आलं. कागद जुनाच. "जि. उस्मानाबाद" खोडून वर शाईनं "जि. लातूर". नव्या जिल्ह्याची पहिली अजिंक्यपद स्पर्धा, अंतिम सामना १३ मार्चला, पंच म्हणून आमची जोडी. एकाच ओळीत दोघांची नावं. दोनदा वाचलं. सौ.ला दाखवलं. तिनं विचारलं, तुमचं नाव दुसरं कसं? म्हणलं, अप्पा वयानं मोठे आहेत बाई.
अंतिम सामन्याला मोठी शिट्टी माझ्याकडे. बारीच तशी येते. आमचा नियम साधा. सामन्यात दोघं दोन बाजूंना, ज्याची बारी त्याच्याकडे मोठी, दुसऱ्याकडे पत्र्याची. ज्यानं मोठी वाजवली त्यानंच घरी नेऊन धुवायची अन् धुऊन दुसऱ्याला द्यायची. हैद्राबादहून दोघांनी मिळून आणली तेव्हापासून हेच. पत्र्याची काय, गर्दीत ऐकूच येत नाही.

९ फेब्रु., बुध.
मधल्या वेळेत चहा. अप्पांनी पिशवीतून स्वतःचा गिलास काढला. पितळी. पिऊन झाल्यावर विसळला नाही, तसाच कागदात बांधून पिशवीत. अन् बाकावर माझ्याजवळ नाही, टोकाला बसले.
डोक्यात बसलं.
नायगावकडच्या त्या खेड्यातली गोष्ट आठवली. सामन्यानंतर सगळ्यांना कपबशी अन् मला एकट्याला वळचणीतला कान तुटका कप. मी बौद्ध आहे हे तिथं कोणीतरी आधीच पोचवलेलं. अप्पा लिंगायत, गंजबाजारात भुसार दुकान, त्यांना पाटलाच्या खुर्चीशेजारी खुर्ची. ते उठले, माझ्याजवळ आले, माझ्या कपातला अर्धा चहा स्वतःच्या बशीत ओतून घेतला अन् सगळ्यांसमोर फुर्र करून प्यायले. पाटलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. परतीच्या बसमध्ये आम्ही त्यावर एक शब्द काढला नाही.
त्या माणसाला आता वेगळा गिलास?

१५ फेब्रु., मंगळ.
अप्पांच्या दुकानातला हमाल हणमंतू रस्त्यात भेटला. हसत हसत म्हणे, "मास्तर, तुमची ती शिट्टी अप्पा मागल्या दारी उकळून राहिले की. येगळं पातेलं केलंय तिला. हितं प्यायला पानी न्हाई."
मी पण हसलो. काय करणार. हसत हसत घरी आलो.
सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "वेगळं पातेलं?" म्हणाली. मग म्हणाली, "विचारून मोकळे व्हा."
विचारणार होतो. पण हो म्हणाले तर? चौदा वर्षं खोटी होतात. अन् नाही म्हणाले तर मी नालायक ठरतो. दोन्हीकडून मार मलाच.
टँकरमागं घागरी घेऊन अर्धं गाव पळतंय अन् ह्यांना माझं उष्टं धुवायला पाणी पुरतं.

२४ फेब्रु., गुरु.
उदगीरला सामना. मोठी अप्पांकडे. बसमध्ये ते सगळ्यात मागं, खिडकीशी, उपरणं नाकातोंडावर घट्ट. मी पुढं. चौदा वर्षांत पहिल्यांदा वेगळे बसलो.
उत्तरार्धात माझी पत्र्याची अडकली. धावत जाऊन त्यांच्या गळ्यातली मोठी धरली, म्हणलं द्या इकडं. त्यांनी हिसडा देऊन दोरी ओढून घेतली.
"तिला तोंड नका लावू मास्तर."
हेच शब्द. जसेच्या तसे लिहून ठेवतोय.
उरलेला सामना हातवारे अन् ओरडण्यावर काढला. परत येताना डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून बाहेर बघत बसलो. बाहेर बघण्यासारखं तरी काय, नुसतं उघडं रान.

६ मार्च, रवि.
सौ. म्हणते, अंतिम सामना सोडा, नाव काढून घ्या. का काढू? पत्रात माझं नाव आहे. शाईनं लिहिलेल्या जिल्ह्याच्या खाली आहे, पण आहे.
अप्पांकडे गेलो नाही. तेही आले नाहीत. त्यांना खोकला झालाय म्हणून हणमंतूनं सांगितलं. ह्या धुळीत खोकला कोणाला नाही.

१३ मार्च, रवि.
लिहायचं होत नाही, तरी लिहितो.
सकाळी अप्पांनी शिट्टी दिली, हातात नाही, टेबलावर ठेवली. पिवळं फडकं, ओलं. उकळलेली. बूच टम्म. तासभर सावलीत पालथी ठेवली तेव्हा कुठं थोडी बोलायला लागली. पूर्वार्ध निभला. उत्तरार्धात माझ्याच थुंकीनं बूच पुन्हा फुगलं असणार.
शेवटची दोन मिनिटं, दोन्ही संघ बरोबरीत. उदगीरचा चढाईवाला आत आला, मधेच त्याचा दम सुटला. कबड्डी म्हणायचं थांबला, स्पष्ट ऐकलं मी. फुंकली. आवाज नाही. पुन्हा फुंकली. नुसती हवा. तोवर तो दोघांना शिवून मध्यरेषेवर पडला. मी हात वर केला, बाद दिलं. चारी बाजूंनी एकच ओरडा, शिट्टी कुठं वाजली? शिट्टी कुठं वाजली? मी अप्पांकडे बघितलं. ते समोरच्या बाजूला पत्र्याची तोंडात धरून वाकून उभे. त्यांच्याकडूनही काही ऐकू आलं नाही.
मैदानात माणसं घुसली. कोणीतरी माझी कॉलर धरली. गर्दीतून एक आवाज आला, "ह्यांच्या हातात शिट्टी दिल्यावर असंच व्हायचं." कोण बोललं दिसलं नाही. सामना रद्द, नंतर बघू म्हणाले.
मंडपामागं अप्पा एकटे उभे होते. माझ्या मागं माणसं आलीच होती, मी सगळ्यांदेखत बोललो. "माझं उष्टं धुता धुता बूच मारलंत अप्पा. चौदा वर्षांनी जात आठवली का तुम्हाला?"
त्यांनी उपरणं तोंडावर ओढलं. मग हळूहळू फाटकाकडे गेले.
शिट्टी माझ्याच गळ्यात राहिली.

१४ मार्च, सोम.
शाळेत कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागतं. राग अजून उतरला नाही, पण काल रागात जी ताकद होती ती आज नाही.

२२ मार्च, मंगळ.
अप्पांची सून घरी आली. आमच्या भीमनगरात पहिल्यांदाच. दारातच उभी. सौ.नं आत बोलावलं, पाट दिला, पाणी दिलं. ती पाणी प्यायली अन् रडायला लागली.
"मामांजींना टीबी झालीय. संक्रांतीपासून म्हाईत हाय त्यांना. कोणालाच सांगू दिलं न्हाई, पोरीचं लग्न ठरून राहिलंय म्हणून. आता रक्त पडलं. नांदेडला वन्संकडे नेलं, तिथं दवाखान्यात हायेत. तुमचंच नाव घेऊन राहिलेत. मास्तरला कायी झालं न्हाई ना, तेवढं बघून ये म्हणले."
सौ.नं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.
ती गेल्यावर ही वही उघडली. १ फेब्रु. काढली. कोमट शिट्टी. ओलं फडकं. माझ्याच हातानं लिहून ठेवलंय. उकळलेली माझ्या हातात येत होती, म्हणजे मला द्यायच्या आधी उकळत होते. मी समजत होतो, माझ्याकडून घेतल्यावर उकळतात. नियमच आमचा तसा, वाजवणारानं धुवायची. ते स्वतःचं तोंड धुवत होते. मला ते माझं वाटलं.
पण मला दुसरं वाटणार तरी कसं? आयुष्यभर वेगळा कप बघितलेल्या माणसाला वेगळा गिलास दिसला तर तो काय समजणार? एका शब्दानं सांगायचं होतं त्यांनी. एका शब्दानं विचारायचं होतं मी. दोघं चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुका दाखवत हिंडलो.

२७ मार्च, रवि.
नांदेडला गेलो. लोह्याला बस अर्धा तास बंद पडली, तिथंच परत फिरावंसं वाटलं. काय तोंड घेऊन जायचं.
नर्सनं विचारलं, पेशंटचे कोण? भाऊ म्हणावं तर आडनाव जुळत नाही. जोडीदार म्हणलं. ती बघतच राहिली.
अप्पा पार चिपाड झालेत. मी आत पाऊल टाकलं तर हात वर केला, बाद दिल्यासारखा. "तिथूनच बोला मास्तर. दाराजवळून."
दारातून काय बोलणार. म्हणलं, अप्पा, चुकलं माझं.
त्यांनी खोकून तोंड पुसलं. मग म्हणाले, "त्या दिवशी मी बी फुंकली होती पत्र्याची. दम न्हाई राहिला." थोड्या वेळानं पुन्हा, "लोकांनी म्हणलं असतं तर कायी न्हाई. तुमी म्हणले."
त्यांच्या लेकीनं सांगितलं, झोपू द्या. दारातूनच निघालो.

१ एप्रिल, शुक्र.
शिट्टी उघड्यावर वाळवली. बूच वाळून आक्रसलं, एक बाजू भुगा होऊन पडली. औषधाच्या रिकाम्या बाटलीचं बूच घेतलं. ब्लेडनं कातरलं, पॉलिश कागदावर घासून गोल केलं. आत घालायला ते भिजवून मऊ करावं लागतं. आज नळ नाही. सौ.नं प्यायच्या माठातलं वाटीभर पाणी दिलं. फटीतून दाबत दाबत आत ढकललं, त्याच बुचाचे दोन तुकडे वाया गेले, तिसरा बसला.
वाजवून नाही बघितली.

६ एप्रिल, बुध.
अंतिम सामना पुन्हा घ्यायचं ठरलं. मे अखेर, पाणी असलं तर. त्यासोबत पंचांच्या यादीचा छापील फॉर्म आला. ह्यावर मात्र लातूर छापलेलं आहे. "जोडीदार पंचाचे नाव व सही". सोमवारपर्यंत द्यायचा. दुसरं नाव दिलं तर कोणी विचारणार नाही. हेडमास्तर म्हणाले, आजारी माणसाची वाट किती बघता, नवा कोणी घ्या.
नवा कोणी माझ्या डोळ्यासमोर येत नाही.

९ एप्रिल, शनि.
अप्पांच्या सुनेकडून निरोप. "मास्तरांना सांगा, दुसरी जोडी बघा." एवढाच. रागानं म्हणाले की दम नाही म्हणून, तिला सांगता आलं नाही. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "तुमीच जाऊन विचारा ना."

१० एप्रिल, रवि.
सकाळी फॉर्म भरला. जोडीदाराच्या ओळीत मन्मथअप्पा लिहिलं, पूर्ण नाव, चांगल्या अक्षरात. सहीची जागा कोरी.
शिट्टी काढली. दाराआड उभा राहून एकदाच वाजवली. बूच फिरतंय, आवाज जुन्याच्या जवळपास आहे. सौ. आतून म्हणाली, आली का परत. मग झटकली, थुंकी काढली, कोमट पाण्यात एक बुडी दिली, मलमलीनं पुसली. उकळली नाही. पिवळं फडकं कोरडं करून त्यात गुंडाळली. फॉर्म, पेन अन् शिट्टी एकाच पिशवीत.
ते सही करतील का माहीत नाही. शिट्टीला हात लावतील का, तेही नाही. दारातून फेकायची म्हणलं तरी मला तसं जमणार नाही. नर्सला सांगून पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवायला लावीन.
नांदेडची बस साडेनऊची. मागच्या वेळी मी वाजवली, मी धुतली. आता बारी त्यांची आहे.